कैलपोळ्द आणि दोन मिलिमीटरची गोष्ट

आपल्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. आता घराघरांत तलवारी उरल्या नाहीत, म्हणून विळी, स्क्रू-ड्रायव्हर, स्कूटर आणि आमच्यासारख्यांच्या घरी लॅपटॉपसुद्धा झेंडूची फुलं लेवून बसतो. बंदुका खरोखर देवापुढे ठेवून पुजतात, असं घर मात्र मी पहिल्यांदा पाहिलं ते २०२३ च्या सप्टेंबरात, कोडगूत.

बंगळूरला माझ्या टीममध्ये एक कोडव मित्र आहे. तो दरवर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला रजा टाकतो आणि कारणाच्या जागी एकच शब्द लिहितो, 'कैलपोळ्द'. त्या वर्षी ३ सप्टेंबरला रविवार आला आणि तो म्हणाला, "या वेळी तू चलच. बेळगावचा आहेस, कन्नड येतं, आमच्या घरी तुला अडचण नाही."

शनिवारी पहाटे निघालो. म्हैसूरपर्यंतचा नवा रस्ता गुळगुळीत, तिथून पुढे हुणसूर, मग हळूहळू झाडं दाट होत जातात आणि गोणिकोप्पल आलं की हवाच बदलते. बंगळूरपासून दोन-अडीचशे किलोमीटर अंतर, पण एकदम खानापूर-जांबोटीच्या बाजूला आल्यासारखं वाटलं. तोच लाल चिखल, तेच शेवाळलेले दगड आणि तोच थांबून थांबून पडणारा पाऊस. फरक इतकाच की इथे उंच झाडांच्या सावलीत कॉफी आणि त्या झाडांवर चढलेले मिरीचे वेल. कॉफीची फळं अजून हिरवी होती. खालच्या सखल जमिनीत भाताची लावणी आटोपलेली.

कैलपोळ्दचा मुहूर्त या लावणीशीच जोडलेला आहे. 'कैल' म्हणजे हत्यार, 'पोळ्द' म्हणजे सण. लावणीच्या दिवसांत हत्यारं बाजूला ठेवलेली असतात. शेतीचं मोठं काम संपलं की ती बाहेर काढायची, पुसायची, पुजायची आणि मग हातात घ्यायची. पूर्वी यानंतर शिकारीचा हंगाम सुरू होई. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार गेली, पण सण राहिला आणि नेमबाजी नारळावर आली.

इथल्या घराघरांत बंदूक कशी, हा प्रश्न कुणालाही पडेल. १८३४ साली इंग्रजांनी इथला शेवटचा राजा चिक्क वीरराजेंद्र याला पदच्युत करून कोडगू ताब्यात घेतलं. १८५७ नंतर देशभर लोकांची हत्यारं काढून घेण्याचा कायदा झाला, तेव्हा १८६१ मध्ये मार्क कब्बन या इंग्रज कमिशनरने कोडवांना त्यातून सूट दिली. ती सूट पुढे स्वतंत्र भारताच्या शस्त्र कायद्यातही राहिली आणि २०१९ मध्ये तिची मुदत आणखी दहा वर्षांनी वाढवली गेली. त्यासाठी सवलतीचं प्रमाणपत्र लागतं, त्याचे नियम आहेत, आणि मित्राच्या घरी ते नियम देवघराइतके सोवळ्याने पाळतात हे मला पोचल्यापोचल्याच कळलं. फील्ड मार्शल करिअप्पा आणि जनरल थिमय्या हे दोघेही याच मातीतले. घरात मूल जन्मलं की एक बार आणि कुणी गेलं की लागोपाठ दोन बार, अशी जुनी रीत. म्हणजे इथे बंदूक नुसतं हत्यार नाही, ती वर्दी देते.

दुपारच्या जेवणानंतर ओसरीवर जुनं पोतं अंथरून बंदुका साफ करायला घेतल्या. एक दुनळी बाराबोअर आणि एक पॉइंट टू-टू रायफल. रायफल जुनी, इंग्लंडातून आलेली, एका वेळी एकच गोळी घालायची अशी. गोळी घाला, बोल्ट लावा, बार काढा, रिकामी पुंगळी बाहेर, की पुन्हा पहिल्यापासून. मी परवानाधारक नाही आणि कोडवही नाही, म्हणून बंदुकीला हात लावायचा नाही हे मीच ठरवून टाकलं होतं. बोल्ट काढून बाजूला ठेवल्यावर नुसतं जवळून बघत होतो.

रायफल पुसत होती मित्राची पुतणी. वय १९, कॉलेजात एनसीसीची कॅडेट, तिथल्या टू-टू रायफलवर तिचा नेम चांगला. "पण ही घरची मला मानत नाही," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली. नारळ समोर दिसतो आणि गोळी कुठे जाते देव जाणे." घरात त्याची थट्टाच चालायची. कारण याच रायफलीने तिचे आज्जा दरवर्षी नारळ उडवायचे. (कोडव भाषेतही आजोबा म्हणजे अज्जाच. बेळगावकराला आणखी काय हवं?) आज्जा ७६ वर्षांचे. उंच, ताठ, बोलणं मोजकं. त्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, हातही थोडा कापायचा. आता रायफल नातीकडे द्यायची असं त्यांनी ठरवलं होतं, आणि नात मनातून घाबरलेली होती.

माझं लक्ष गेलं ते नळीवरच्या मागच्या साइटकडे. ज्यांनी बंदूक जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नेम धरायला दोन गोष्टी असतात. नळीच्या पुढच्या टोकाला उभा छोटा दाणा, त्याला माशी म्हणतात. आणि डोळ्याच्या बाजूला खाच असलेली पट्टी, ती मागची साइट. खाचेच्या बरोबर मधोमध माशी दिसली, तिचा माथा खाचेच्या कडांशी समपातळीत आला आणि त्यावर लक्ष्य टेकलं, की नेम लागला. ही मागची पट्टी नळीवर आडव्या कोरलेल्या खोबणीत घट्ट ठोकून बसवलेली असते. तिच्या बुडाशी एक बारीक रेघ आणि नळीवर तशीच एक रेघ. दोन्ही रेघा एकमेकींसमोर आल्या की पट्टी जागेवर आहे असं समजायचं.

या रायफलीत त्या रेघा समोरासमोर नव्हत्या. वरची रेघ उजवीकडे सरकलेली होती, आणि पट्टीच्या डाव्या कडेला एक खोल पोचा होता. कधीतरी डावीकडून जोराचा मार बसला असावा.

"हे बघा आज्जा, पट्टी सरकली आहे," मी म्हणालो.

आज्जांनी मान वर केली नाही. "माहीत आहे मला," म्हणाले, आणि उठून आत गेले.

मी चपापलो. काहीतरी आगाऊपणा झाला असं वाटलं. मित्राने खांदे उडवले. त्यालाही काही ठाऊक नव्हतं. पुतणीने मात्र गुपचूप शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब त्या खोबणीत सोडले आणि फडकं टाकून ठेवलं.

रविवारी सकाळी घराचा नूरच वेगळा. पुरुषांनी काळी कुप्या घातलेली, कमरेला लाल रेशमी चेले आणि त्यात खोचलेली चांदीच्या म्यानाची पीचेकत्ती. 'कन्नि कोंबरे' म्हणजे देवघरात दिवा लावला होता. बंदुका तिथे ओळीने ठेवल्या, गंध लावलं आणि नळीवर फूल वाहिलं. ते फूल बघून मी ओळखलं, आपली कळलावी! लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं. पावसाळ्यात आपल्याकडच्या रानातही दिसतं. इथे त्याला 'तोक पू' म्हणतात, म्हणजे बंदुकीचं फूल. ते याच दिवसांत फुलतं आणि मान मिळतो तो याच सणाला. पूजेनंतर घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकेकाच्या हातात हत्यार दिलं. आज्जांनी रायफल नातीच्या हातात दिली. ती पाया पडली. आज्जा काही बोलले नाहीत.

दुपारी गावच्या मैदानात नारळ फोडायची स्पर्धा होती. हातात दोन-तीन तास होते. पुतणी म्हणाली, "आधी एकदा नीट बघूया. दोष माझा की रायफलीचा?"

घरामागे मातीचा उंच, जाड बांध आहे. टू-टूची गोळी दिसायला शेंगदाण्याएवढी, पण मोकळी सुटली तर दीड किलोमीटरही जाऊ शकते, म्हणून मागे भरीव माती असल्याशिवाय इथे कुणी बार काढत नाही. बांधावर पुठ्ठा लावला, त्यावर काळा ठिपका काढला, टेपने २५ मीटर मोजले. बाकावर भाताचं पोतं ठेवून त्यावर रायफल टेकवली, म्हणजे हाताच्या कंपाचा प्रश्न नको. एका गोळीने काही सिद्ध होत नाही, एखादी कशीही जाऊ शकते. म्हणून तीन गोळ्या, तिन्ही वेळा नेम ठिपक्याच्या मध्यावरच.

पुठ्ठा आणून पाहिला तर तीन भोकं एका लिंबाच्या आकारात बसलेली. पण ठिपक्याच्या उजवीकडे, मोजून १० सेंटिमीटर. मग मित्राने तीन मारल्या. त्याचा झुबका जरा पसरट, पण तोही तिथेच उजवीकडे. दोन वेगळी माणसं एकाच ठिकाणी चुकत असतील तर चूक माणसांची नाही. ऑफिसात रोज हेच करतो, पण इतक्या सरळपणे उत्तर मिळताना क्वचितच पाहिलंय.

पुतणी पुठ्ठ्याकडे बघत राहिली. "म्हणजे तीन वर्षं मी बरोबर मारत होते," ती हळूच म्हणाली.

सोललेला नारळ साधारण १२ सेंटिमीटर रुंद. मध्यावर नेम धरला आणि गोळी १० सेंटिमीटर उजवीकडे गेली, तर ती नारळाला शिवतसुद्धा नाही. मग आज्जांना तो कसा लागायचा?

ते मागे येऊन उभे होते, आम्हाला कळलंच नव्हतं. म्हणाले, "नारळाच्या डाव्या कडेपासून चार बोटं सोडायची. तिथे काही नसतं, नुसती हवा असते. त्या हवेवर नेम धरायचा."

मग बाकावर बसून त्यांनी सांगितलं. १९६९ सालची गोष्ट. ते २२ वर्षांचे, धाकटा भाऊ १४ चा. रात्री भाताच्या खाचरावर रानडुकरं येत, म्हणून राखणीला जायचं. परत येताना धाकट्याने हट्टाने रायफल खांद्यावर घेतली आणि ओल्या दगडी पायऱ्यांवरून घसरला. रायफल दगडावर आपटली. त्याला काही झालं नाही, पण पट्टी सरकली. वडिलांचा राग भयंकर. हत्याराची हयगय म्हणजे घरात अक्षम्य गुन्हा. "तो थरथर कापत होता. मी म्हणालो, कुणाला सांगू नकोस, मी बघतो." आठवडाभर गुपचूप गोळ्या घालवून त्यांनी ते चार बोटांचं गणित शोधून काढलं. पुढच्या कैलपोळ्दला वडिलांसमोर नारळ पाडला. वडिलांना कधीच कळलं नाही.

"आणि नंतर? वडील गेल्यावर तरी दुरुस्त करायची," मित्र म्हणाला.

"नंतर हात त्यालाच सरावला. आणि ती आमच्या दोघांतली गोष्ट होती. दर वर्षी नारळ पडला की तो लांबून चार बोटं दाखवायचा." भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती. मित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा लाडका काका तो.

आज्जा नातीला म्हणाले, "तुला चार बोटं शिकवतो. दोन दिवसांत बसेल हात."

ती पटकन काही बोलली नाही. मग म्हणाली, "आज्जा, तुम्ही काकाआज्जांसाठी केलंत. पण मी हवेवर नेम धरून काय करू? एनसीसीत जाऊन पुन्हा सरळ मारायचं, घरी आले की वाकडं. आणि माझ्यानंतर जो घेईल त्यालाही हेच शिकवायचं?"

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण आज्जा बराच वेळ त्या पुठ्ठ्याकडे बघत बसले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इंजिनिअर, किती सरकवायची ते सांग."

हे मात्र मला सांगता येत होतं. नियम सोपा आहे. गोळी ज्या बाजूला न्यायची, त्याच बाजूला मागची साइट सरकवायची. (पुढची माशी सरकवायची असेल तर बरोबर उलट. तिथेच पुष्कळ लोक फसतात.) आपली गोळी उजवीकडे जाते, ती डावीकडे आणायची, म्हणून पट्टी डावीकडे. किती, ते त्रैराशिकाने निघतं. माशी आणि मागची साइट यांतलं अंतर मोजलं, ५२ सेंटिमीटर. लक्ष्य २५०० सेंटिमीटरवर. तिथे चूक १० सेंटिमीटर. दहाला बावन्नने गुणायचं आणि अडीच हजाराने भागायचं. उत्तर ०.२०८ सेंटिमीटर, म्हणजे दोन मिलिमीटर. कॉफीच्या मशिनच्या शेडमधून व्हर्नियर आणून त्या दोन रेघांमधलं अंतर मोजलं. तेही दोन मिलिमीटरच्या आसपासच भरलं. एका पोराच्या पाय घसरण्याची ५४ वर्षांनी अशी बेरीज जुळली.

चेंबरमध्ये गोळी नाही हे दोघांनी स्वतंत्रपणे पाहिलं, बोल्ट काढला. शेडमधल्या व्हाइसमध्ये लाकडाच्या चिपा आणि गोणपाट घालून नळी धरली. लोखंडाने थेट ठोकलं तर पट्टीला आणखी पोचे पडतात, म्हणून मऊ धातू हवा. जुन्या पंपाच्या सामानात पितळेची एक कांडी सापडली. ती पट्टीच्या उजव्या कडेला, अगदी बुडाशी टेकवायची आणि हातोडीने हलके ठोके द्यायचे. हातोडी आज्जांनी मागून घेतली. चार-पाच ठोक्यांत काही हललं नाही. गंज बसला होता. पण रात्रीच्या तेलाने काम केलं असावं. पुढच्या ठोक्याला पट्टी 'टक्' करून सरकली, जरा जास्तच.

पुन्हा तीन गोळ्या. झुबका आता ठिपक्याच्या डावीकडे ३ सेंटिमीटर. त्याच हिशोबाने ०.६ मिलिमीटर परत उजवीकडे. या वेळी हातोडी पुतणीने घेतली आणि आज्जांनी कांडी धरली. बोटाच्या नखाने मारावेत तसे ठोके, दर दोन ठोक्यांनंतर व्हर्नियर. पुन्हा तीन गोळ्या. तिन्ही ठिपक्यात. दोन रेघा समोरासमोर आलेल्या.

मित्र कानस घेऊन आला. पट्टीच्या कडेचा पोचा घासून साफ करावा म्हणत होता. आज्जांनी त्याच्या हातून कानस काढून घेतली. "तो राहू दे. नेमाला त्याचा काही अडथळा नाही."

जेवणाचा उल्लेख केला नाही तर घरचे मला माफ करणार नाहीत. तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे म्हणजे कडंबुट्टु, आणि त्याबरोबर डुकराच्या मांसाची पंदी करी. तिला काळसर रंग आणि आंबटपणा येतो तो कचमपुळीने. हा सिरक्यासारखा घट्ट रस ज्या फळाचा काढतात, ते आपल्या कोकमाच्याच कुळातलं. मी कडंबुट्टु सात खाल्ले. मित्राची आई म्हणाली, "कमी खाल्लेस."

मैदानात सगळा गाव लोटला होता. बायका, मुलं, सैन्यातून निवृत्त झालेली मंडळी, सुट्टीवर आलेले जवान. पलीकडे मातीचा चढ, तिथे झाडाला नारळ बांधलेला, अंतर साधारण तीस मीटर. प्रत्येकाला नंबराप्रमाणे बोलवायचं, नळी कायम नारळाच्या दिशेला, बार झाला की बंदूक उघडून दाखवायची. शिस्त अशी की आपल्या मिरवणुकांतल्या फटाकेवाल्यांना इथे शिकायला पाठवावं.

पुतणीची पहिली गोळी नारळाच्या वरून गेली. घाईत श्वास धरला नाही, असं ती नंतर म्हणाली. दुसऱ्या गोळीला नारळाचं टवकं उडालं आणि पाण्याची धार लागली. तिच्या आधी दोघांनी नारळ फोडला होता, बक्षीस त्यांचं. पण तिला बक्षिसाशी देणंघेणं नव्हतं. तिने मागे वळून आज्जांकडे पाहिलं. आज्जांनी चार बोटं वर केली आणि मूठ मिटली.

मग मंडळींनी आग्रह केला, आज्जांनी या वर्षीही एक बार काढलाच पाहिजे. ते नको नको म्हणत उठले. रायफल खांद्याला लावली. हात कापत होता, पण ती क्षणभर स्थिर झाली. बार झाला. नारळ जागेवरच. चढावर नारळाच्या डावीकडे, चार बोटं सोडून, मातीचा धुरळा उडाला.

सगळे हळहळले. आज्जा मात्र कितीतरी वेळ हसत होते. रायफल उघडून नातीकडे देत मला म्हणाले, "साइट सरळ झाली रे. आता या हाताचं काय करायचं? एवढी बारीक कांडी नाही मिळायची."

संध्याकाळी परत निघालो तेव्हा ओसरीवर दोघं बसलेली होती. मध्ये बोल्ट काढलेली रायफल, तिच्यावर सकाळची कळलावी सुकत आलेली. नात आज्जांना सांगत होती, "माशी खाचेच्या मधोमध, आणि नारळ माशीवर. बाकी काही नाही." आणि आज्जा पहिल्यांदाच बंदूक हातात घेतलेल्या पोरासारखे एक डोळा मिटून बघत होते.